दोघींना पार नेणारी होडी

मित्रांनो, कर्लीच्या खाडीकाठी माडाखाली पालथी पडलेली जुनी होडी आहे ना, ती मी. फणसाच्या फळ्या काथ्याने शिवून मला घडवलं आणि गणपत नावाड्याने नारळ फोडून मला पाण्यात ढकललं. बाजाराला जाणारी माणसं, मासळीच्या पाट्या, नवरीची ट्रंक, सगळं मी पार नेलं. गणपतची होडी बुडायची नाही, असं लोक म्हणत. मला त्याचा फार अभिमान वाटे.

१९५१ साली एका सकाळी तुळसा माझ्यात बसली. तिचा नवरा गलबतावर गेला तो परतलाच नव्हता. दुखण्याने ती इतकी खंगली होती, की मांडीवरच्या चार महिन्यांच्या मुलीला पाजायला तिला दूध नव्हतं. पलीकडच्या काठावर कट्टा गावचे एक मास्तर आणि त्यांची बायको सावित्रीबाई वाट बघत होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. तुळसाने मुलगी त्यांच्या हाती दिली, त्यांचं गावही विचारलं नाही. ही गोष्ट कुणाला सांगणार नाही, असा शब्द मास्तरांनी गणपतकडून घेतला. परतताना तुळसा रिकामं दुपटं घडी करी, उलगडी, पुन्हा घडी करी. मूल दगावलं, असं तिने गावात सांगितलं.

सोळा वर्षांनी ती मुलगी, शेवंती, एकटीच पलीकडच्या धक्क्यावर आली. मास्तर वारले होते आणि सावित्रीबाईंनी तिला सगळं खरं सांगितलं होतं. फक्त आईचं नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं.

भर खाडीत शेवंतीने विचारलं, "काका, तुमीच माका ह्या होडीतसून नेल्लास ना? माझी आवस कोण, ता सांगा."

गणपतचं वल्हं थांबलं. "माका आठवत नाय गो बाये," तो म्हणाला.

समोर तुळसा गुडघाभर पाण्यात तिसऱ्यांचे शिंपले काढत होती. गणपतशी दोन शब्द बोलून शेवंती तिच्या शेजारून गावात गेली, चार घरी विचारलं आणि दुपारी हिरमुसून परतली.

संध्याकाळी तुळसा माझ्यात बसली आणि त्या मुलीविषयी विचारू लागली. "दादा, ता चेडू कोणाचा? बोलताना मान तिरकी करता. आमचे हे तशीच करीत."

"असात कोण तरी पावणी," गणपत म्हणाला आणि पाण्याकडे बघत राहिला. मी लाकडाची. मला सगळं कळत होतं, पण वाचा कुठली?

दोन महिन्यांनी तुळसा तापाने गेली. तेरावं झाल्यावर गणपत चालत कट्ट्याला गेला. शेवंती त्याच्याबरोबर आली आणि माझ्या फळीवर बसली.

"मिया तुका खोटा सांगलंय, बाये," गणपत म्हणाला आणि तुळसाचं सगळं त्याने तिला सांगितलं.

शेवंतीने विचारलं, "तिणा माका बघल्यान?"

"बघल्यान."

"वळाखल्यान?"

गणपत माझ्या तळातलं पाणी उपसू लागला. शेवंती उतरली आणि सावित्रीबाईंकडे निघून गेली. ती पुन्हा कधी या काठावर आली नाही. गणपतनेही त्या वर्षी वल्हं खाली ठेवलं आणि मला पालथं घातलं.

आता माझ्या फळ्या उन्हाने तडकल्या आहेत. त्यांना तेल पाजा, असं मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, एखादा आपलं माणूस शोधत तुमच्याकडे आला आणि ते कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक असलं, तर त्याला त्या दारापर्यंत नेऊन पोचवा. आम्ही शेवंतीला काठावर उतरवलं आणि तसंच परत आणलं.