रविवारचा इंटरव्ह्यू

"ज्या माणसाला तुम्ही सगळ्यात जास्त घाबरता, त्याच्यासमोर दर रविवारी बसायचं," असं कॉलेजच्या कल्याणी मॅडमनी सांगितलं, तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ! मी पटकन पप्पांचं नाव सांगून मोकळी झाले. नोकरी मिळावी म्हणून कॉलेज त्या वर्षी प्रत्येकाकडून 'पर्सनल डेव्हलपमेंट प्लॅन' करून घेत होतं. इंग्लिश सुधारा, आवाज वाढवा आणि घरी मॉक इंटरव्ह्यू द्या.

पप्पा पिंपरीच्या कारखान्यात सुपरवायझर. म्हणजे होते. मागच्या दिवाळीत व्हीआरएस देऊन कारखान्याने त्यांना घरी बसवलं. "आता फक्त आराम," असं ते अख्ख्या वारज्याला सांगत फिरायचे. आराम कसला डोंबलाचा! धाकटा भाऊ तेजस दहावीला, फ्लॅटचे हप्ते चालू, आणि सोमवारी कॉलेजात येणारी कंपनी म्हणजे या वर्षातली शेवटची. घरात कुणाचा तरी पगार सुरू व्हायलाच हवा होता. जीव नुसता टांगणीला लागला होता.

त्या शेवटच्या रविवारी दुपारी पप्पा इन केलेला शर्ट घालून प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. समोर स्टुलावर मी.

"व्हाय शुड वुई टेक यू?"

मी पाठ केलेलं सुरू केलं. त्यांनी मध्येच तोडलं.

"हे सगळेच सांगतात. तुमचं काय ते सांगा."

मी पुन्हा सुरू केलं. पुन्हा तोडलं. माझ्या कपाळाची शीर उडायला लागली.

"पप्पा, उद्या माझा इंटरव्ह्यू आहे. आज तरी नीट बोला की!"

"तिथं कोणी तुझे लाड करणार नाहीये. पुढचा प्रश्न. कारखान्याची सवय लागलेल्या माणसाला ऑफिसात जमेल का?"

"कुठला कारखाना?" मी म्हणाले. पण ते थांबलेच नाहीत. माझ्याकडे बघतही नव्हते, माझ्यामागच्या भिंतीकडे बघत होते.

"तुमचं वय बावन्न. साहेब असेल पंचविशीतला. त्याचं ऐकून घ्याल का?"

मला हसूच आलं. "अहो पप्पा, मी एकवीस वर्षांची आहे!"

ते हसले नाहीत. स्वयंपाकघरात आईचा मिक्सर बंद झाला.

"सांगून टाका आता तिला," आई आतूनच म्हणाली.

पप्पांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मग एका दमात सांगून टाकलं. हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत जनरेटर आणि एसी बघायला माणूस हवाय. उद्या सकाळी त्यांनाही बोलावलंय. इंग्लिशमध्ये विचारतात म्हणे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे इतके रविवार तुम्ही माझी तयारी करून घेत होता की स्वतःची?"

"दोन्ही," ते म्हणाले. "तू उत्तरं कशी देतेस ते ऐकायचो. तेवढंच शिकायला मिळायचं."

"मग मला विचारायला काय झालं होतं?"

"बाप आहे मी तुझा."

एवढंच बोलले. वाईट वाटलं, आणि रागही आला, खरं सांगते. हा माणूस माझ्यावर डाफरत असताना आतून टरकलेला होता, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. आई दारात येऊन उभी राहिली होती.

"उठा तिथून," मी म्हणाले.

"काय?"

"त्या खुर्चीतून उठा. इकडे बसा."

ते उठले. आम्ही जागा बदलल्या. स्टुलावर बसल्यावर त्यांनी शर्टाच्या बाह्यांची बटणं लावली. मी घसा साफ केला. आता दया दाखवली तर उद्या तो पंचविशीतला साहेब यांचं पार पानिपत करणार, हे मला कळत होतं.

"मिस्टर महिपती, तुमचा साहेब तुमच्या मुलीच्या वयाचा असेल. तो सगळ्यांसमोर तुमच्यावर ओरडला तर काय कराल?"

पप्पांनी मान खाली घातली. गुडघ्यांवरचे हात घट्ट आवळले.

"आय विल लिसन," ते हळूच म्हणाले. आणि मग, "येस, मॅडम."

मला रडू फुटणार होतं. उठून त्यांना मिठी मारावीशी वाटली.

"वर बघा," मी म्हणाले. "पुन्हा सांगा."