पळसदरीची लेकुरवाळी चिलापी

मी पळसदरीच्या धरणातली एक जुनी चिलापी मासोळी आहे, मित्रांनो. आम्ही पिल्लं तोंडातच सांभाळतो; आत्ताही तोंड भरलेलं आहे, तरी बोलणार. तोंड मिटून बसणं माझ्या स्वभावात नाही.

आमचं कूळ परमुलखातलं. कुणीतरी आणून सोडलं आणि पाय नसताना आम्ही इथे पाय रोवले. धरणातल्या आम्ही लांबरुंद, उजळ. वाडीखालच्या तळ्यातल्या मात्र काळपट, वीतभरही न वाढणाऱ्या, आणि तेवढ्यातच लेकुरवाळ्या. कॉलेजातली जागृती दोन्हींची मापं घेऊन गेली, पराचे तुकडेही तपासायला नेले. परत आल्यावर वाडीतल्या बुधीला म्हणाली, "आजी, अंगं निराळी, पण रक्त अगदी जवळचं. तळ्यातल्या सगळ्या एखाद-दुसऱ्या आईच्याच दिसतात."

 ती आई बुधीनेच तळ्यात सोडली होती. तोंडात पिल्लं असलेली मासोळी मारायची नाही, ही तिच्या घरची रीत. धरणावर मासे धरून घरी जाताना वाटेत टेकली की मासळी निवडायची आणि लेकुरवाळीला जवळच्या पाण्यात सोडायचं. तळ्यात सोडलेली ती लेकुरवाळी माझी सख्खी बहीण. तिच्या लेकरांनी तळ्यातल्या मळ्यांची, म्हणजे इथल्या जुन्या बारीक माशांची, अंडीसुद्धा ठेवली नाहीत. आता मळे उरलेत ते ओढ्यातल्या खोल कोंडीत.

आज मीही बुधीच्या जाळ्यात सापडले. कोंडीपाशी टेकून तिने माझा जबडा उघडला.

"लेकुरवाळी हाय गं."

"मग घाला कोंडीत," सून वनिता म्हणाली. "तळं तुमच्या नातवंडांनी भरलंच हाय!"

"जीभ लय चालते तुजी."

"तुमच्याकडनंच शिकले, आत्या."

कोंडीत मळे चमकत होते. खरं सांगते, मला ती कोंड हवी होती. सावली, शेवाळ आणि उलट उत्तर देणारं कुणी नाही. माझ्या लेकरांनी तिथे तिसरंच अंग धरलं असतं.

"मारायची नाय," बुधी म्हणाली. "पन दुसरीच्या घरात बी घुसवायची नाय. धरनावर नेते परत."

"एवढ्या उन्हात?"

"तू बस हितं सावलीत, राणीसरकार."

जिथे धरलं होतं, तिथेच तिने मला सोडलं.

मित्रांनो, आम्हाला नावं ठेवू नका. मिळेल त्या पाण्याचं अंग घेणं हा आमचा गुण आहे. पण डोंगर चढून आम्ही आपणहून जात नाही, नेणारा हात तुमचा असतो. तो हात बुधीसारखा मागे वळू द्या. मळे माझे कुणी लागत नाहीत. तरी त्यांनाही आया आहेत, एवढं माझ्या भरल्या तोंडाला कळतं.