भुऱ्याने तोंड फिरवलं होतं

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. रावेरच्या एका केळीच्या वखारीत, दाराजवळच्या खांबाला मारलेल्या खिळ्यावर लटकते. गंजाने माझ्या काही कड्या एकमेकींना चिकटल्या आहेत. लोखंडाला फारसं काही वाटत नाही, त्यामुळे माझ्याकडून रडगाणं ऐकायला मिळणार नाही. जे घडलं तेवढं सांगते.

धुळ्याच्या एका लोहाराने मला घडवलं. तरुणपणी मी ट्रकच्या फाळक्याला होते. केळी भरून झाली, फाळका लागला, की मी ताठ व्हायची. जामनेर, भडगाव, धुळे, सगळे रस्ते मी धुळीसकट पाहिले. आमचा ड्रायव्हर अभिमन हा भडगावकडचा. तो हमालांना सांगायचा, "हाई साखळी भलती मजबूत शे!" मजबूत असणं एवढंच माझं काम होतं.

पुढे फाळक्याला नवी साखळी आली आणि मला वखारीच्या कुत्र्यासाठी ठेवलं. त्याचं नाव भुऱ्या. वखारीचे मालक उत्तमचंद, सगळ्यांचे नाना. घर जैन, कातडं चालायचं नाही, म्हणून नानांनी खाटेच्या नवारीचा पट्टा शिवून घेतला. रोजची पहिली भाकरी ते आपल्या हाताने भुऱ्याला घालायचे. फार जीव होता त्यांचा त्याच्यावर. हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही नानांना उगाच वाईट ठरवाल.

माझ्या एका टोकाला खांब होता, दुसऱ्या टोकाला भुऱ्याची मान. त्या मानेत जे चाले ते माझ्या कडीकडीत उतरायचं. ट्रक हॉर्न मारत मागे येऊ लागले की भुऱ्या अंग आक्रसून घ्यायचा. झोप आलेली नसताना जांभई द्यायचा. समोर खायला काही नसताना नाकावरून जीभ फिरवायचा. हमाल म्हणायचे, आळशी आहे. कधी तो शेपूट ताठ धरून नुसतं टोक हलवायचा, आणि तेव्हा मी खांबापर्यंत थरथरायची. अभिमन म्हणायचा, "शेपूट हालाई राहिना, म्हणजे खूश शे!" भुऱ्या गुरगुरला की हाच अभिमन काठी आपटायचा. शेवटी भुऱ्याने गुरगुरणं सोडलं. कुत्रा शहाणा झाला म्हणून नानांनी अभिमनच्या पाठीवर थाप मारली.

नानांनी एक रीत काढली होती. संवत्सरीचा उपवास सुटला की जैन लोक एकमेकांची क्षमा मागतात, त्याला खमतखामणा म्हणतात. नाना म्हणायचे, क्षमा सगळ्या जीवांची मागायची, मग आपल्या दारच्या जीवाला का वगळायचं? त्यामुळे पारण्याच्या सकाळी अख्खं घर वखारीत यायचं. एकेक जण भुऱ्यापुढे हात जोडायचा आणि त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवायचा. भुऱ्या तोंड फिरवायचा, जीभ फिरवायचा, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल इतकं तिरपं बघायचा. "लाजतोय बघा," नाना म्हणायचे. "माफ केलं त्याने." सगळे हसायचे.

अडुसष्ट-एकोणसत्तर साल असेल. त्या सकाळी पाहुणेही आले होते. त्यांच्या पांढऱ्या कपड्यांना पंजे लागू नयेत म्हणून मला खांबाला वेढे देऊन आखूड केलं. भुऱ्याला मागे सरायला जागाच उरली नाही. एकेक हात डोक्यावर येत होता आणि तो अंग चोरत होता. सगळ्यांत शेवटी नानांची नात मंजू आली. तिने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि गालाला गाल लावला. भुऱ्याने तोंड फिरवलं. तिने ते लाडाने परत वळवलं. मग तो एकदम थांबला. थरथर नाही, ओढ नाही. इतकी गप्प मी कधीच नव्हते. नाना म्हणाले, "बघा, किती शांत बसलाय!"

आणि त्याने मंजूचा गाल फोडला.

मंजूची आई धनकुंवर तिला उचलून गाडीने जळगावच्या दवाखान्यात घेऊन गेली. नानांचे हात जोडलेलेच राहिले होते. जीव घ्यायचा नाही, पण दारातही नको, असं ते म्हणाले. अभिमनने भुऱ्याचा पट्टा सोडला, त्याला ट्रकमध्ये घातलं आणि दूर गिरणाकाठी नेऊन सोडलं. मी खांबाला तशीच राहिले.

संध्याकाळी धनकुंवर परतली. "नाना, डॉक्टर म्हणाले, कुत्रा दहा दिवस बांधून ठेवा. ठणठणीत राहिला तर पिसाळलेला नाही, मग पोरीच्या सुया थांबवू. कुठे आहे तो?"

नानांनी अभिमनला हाक मारली. अभिमन रात्रीच ट्रक घेऊन गेला, काठाकाठाने हाका मारत फिरला. सकाळी येऊन म्हणाला, "नाना, नही सापडना." मंजूला पोटातली सगळी इंजेक्शनं घ्यावी लागली. नाना रोज तिला घेऊन जायचे, रोज तिचं रडणं ऐकायचे आणि वखारीत येऊन भिंतीकडे बघत बसायचे. आतून अगदी बधिर झाला होता तो माणूस. पहिली भाकरी मात्र सवयीने हातात घेऊन यायचे.

एकदा मंजू गालाला पट्टी लावून त्यांच्याशेजारी बसली. "नाना, त्याने तोंड फिरवलं होतं," ती म्हणाली. "मीच परत वळवलं. त्याला नको होतं."

"दर वर्षी फिरवायचा," नाना म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "दर वर्षी."

पुढच्या पारण्याच्या सकाळी नाना एकटेच आले. भुऱ्या नव्हता, म्हणून माझ्यापुढेच हात जोडून उभे राहिले. हात लावायला पुढे केला आणि मध्येच मागे घेतला. मला फिरवायला तोंड नाही, मित्रांनो. मी होते तशी लटकत राहिले.

कुत्र्याला तोंड आहे. तो ते फिरवतो, जांभई देतो, अंग चोरतो, एकदम गप्प होतो. तेवढ्यावरच हात मागे घ्या. गुरगुरला तर काठी आपटू नका, तो तुम्हाला सांगतोय. तुम्हाला नको वाटलं तर तुम्ही उठून जाता. त्याच्या गळ्यात माझ्यासारखी कोणी असली, तर त्याला जाता येत नाही.