कच्ची बाजू

पहिल्याच मॅचमध्ये मी चार पकडी केल्या आणि मला संशय आला.

लोक टाळ्या वाजवत होते. आमच्या मुलींच्या टीमचे कोच हिरामणदादा शिट्टी दातांत धरून हसत होते. मी मात्र गुडघ्यांची माती झटकत एकच विचार करत होते, की हे ठरवलं कुणी? समोरच्या टीमच्या चढाया येत होत्या त्या माझ्याच बाजूला, आणि चार वेळा चढाईवाली अलगद माझ्या तावडीत सापडली होती. सात जणींत नेमकी मीच त्यांना का दिसावी? माझ्या उजव्या हाताला पंजा नाही. मनगटाच्या चार बोटं वरच माझा हात संपतो.

मी मुळातच संशयी, हे आधी सांगून टाकते. रिक्षावाल्याने सुट्टे पैसे न मोजता दिले तरी मी मोजते. पण हात गेल्यापासून हा स्वभाव फारच वाढला, आणि त्यात माझी काही चूक आहे असं मला वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या ड्युटीवर होते. बेल्टच्या रोलरमध्ये पुठ्ठा अडकला, तो काढायला गेले आणि रोलरने हात आत ओढला. हॉस्पिटलातून घरी आले त्या दिवसापासून सगळे माझ्याशी इतके चांगले वागायला लागले की विश्वास ठेवावा असा माणूसच उरला नाही. माझा भाऊ भावेश लहानपणापासून कॅरममध्ये राणी चोरतो. तो माझ्या डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या नेमापुढे सलग सहा बोर्ड हरला. सातव्या बोर्डाला मी सोंगट्या उधळून दिल्या आणि त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही. त्याला वाटलं, मला हाताचं दुःख झालंय. मला दुःख झालं होतं ते त्याच्या हरण्याचं.

कबड्डी मी सातवीपासून खेळते. जागा एकच, लेफ्ट कॉर्नर, आमच्या बाजूने अगदी डावीकडची. माझ्या उजव्या अंगाला रीमा. नऊ वर्षं आम्ही दोघी साखळीत हात धरून उभ्या राहिलो, तिचा डावा आणि माझा उजवा. तो उजवाच गेला. तरी मी मैदानात परत जायचं ठरवलं तेव्हा घरामागच्या पेरूच्या झाडावर सहा महिने सराव केला. उजव्या हाताचं कोपर खोडामागे अडकवायचं, डाव्या पंजाने तोच उजवा हात आवळून कुलूप लावायचं आणि अंग मागे टाकायचं. पेरूची साल गेली, माझ्या दंडाचीही गेली. मग एक दिवस मी आमच्या शेलार गावच्या मैदानावर गेले आणि दादांना म्हटलं, घ्या मला.

दादांनी वर-खाली पाहिलं आणि म्हणाले, "लेफ्ट कॉर्नरला उभी राहा." एवढंच. मी म्हटलं, निदान राइट कॉर्नर द्या, तिथे माझा धड हात साखळीत राहील. ते नाही म्हणाले, कारण सांगितलं नाही. माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली.

आणि रीमा. साखळी करताना ती माझा उजवा हात धरायचीच नाही. मी त्या हाताला लांब बाही घालते. त्या बाहीचं रिकामं टोक ती दोन बोटांच्या चिमटीत धरायची, ओलं फडकं उचलावं तसं. मी तिला काही बोलले नाही. जिच्याबरोबर नऊ वर्षं एका डब्यात जेवले तिला माझी किळस येते, हे तोंडाने कसं विचारायचं?

दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच झालं. तीन पकडी. समोरची मुलगी मध्यरेषा ओलांडून तडक माझ्याकडेच यायची आणि सापडायची. मॅचनंतर पाण्याच्या ड्रमापाशी गावातली एक काकू माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, पोरीनं नाव काढलं. माझ्या डोळ्यांपुढे भावेशचे सहा बोर्ड आले. त्याच मॅचच्या आधी मी रीमाला त्यांच्या चढाईवालीशी मंडपामागे कुजबुजताना पाहिलं होतं. मला बघून दोघी गप्प झाल्या होत्या.

म्हणजे रीमा सांगत होती. जरा सांभाळून घ्या, बिचारीला एक-दोन पकडी करू द्या. दुसरं काय असणार?

मी मनाशी एक गोष्ट पक्की केली. पुढच्या रविवारी टेमघरला फायनल होती. त्याच्या आत मला खरं कळलं पाहिजे. या पकडी मला दिलेल्या असतील तर मी फायनलला उभी राहणार नाही, आणि नंतरही कधी मैदानात पाय ठेवणार नाही. हात गेला तेव्हा मी फारशी रडले नव्हते. कबड्डीही अशी दानात मिळालेली निघाली, तर मात्र माझ्याजवळ काहीच उरणार नव्हतं.

पहिल्या मॅचमध्ये मी जिला दोनदा धरलं ती दिशा निजामपुऱ्यात एका कापडाच्या दुकानात काउंटरला असते. बुधवारी मी तिथे गेले. मागच्या कारखान्यातल्या लूमचा खडखडाट आत इतका की गिऱ्हाइकाला ओरडून भाव सांगावा लागतो. ब्लाउजपीस बघायचं निमित्त केलं. तिने मला ओळखलं आणि तिचं तोंड आंबट झालं. मालक हिंदीत कुणाशी तरी हुज्जत घालत होता, तेवढ्यात मी सरळ विचारलं, की त्या दिवशी तू मुद्दाम सापडलीस ना?

तिने कापडाचा ताका काउंटरवर आपटला. "मुद्दाम? तुझ्यामुळे मना टीमच्या बाहेर बसवलंय. लंगडी बाजू बघून पन येक पॉइंट आनता आला न्हाय, आसं समद्यांसमोर आयकून घेतलं मी."

मी म्हटलं, मग सगळ्या जणी माझ्याच अंगावर का येत होत्या?

"तुमची रीमाच सांगून गेली. बोलली, आमची डावी बाजू कच्ची हाय, येक हात न्हाय, साखली पन धरता येत न्हाय. तिथं घूस." दिशाने ताका गुंडाळला. "मी बघितलं पन. ती तुजी नुसती बाही धरून उभी व्हती. मना वाटलं, खरंच कच्ची हाय."

मी ब्लाउजपीस न घेताच बाहेर पडले. शेलारपर्यंत रिक्षात कोण कोण बसलं आणि उतरलं ते मला सांगता येणार नाही. दया नव्हती, एवढं कळलं. पण मग हे काय होतं? आपलीच मैत्रीण गावोगाव जाऊन आपल्याला कच्ची म्हणते, आणि कोच तिला म्हणू देतो?

रीमा अंगणात सुकट निवडत बसली होती. मी दिशाचं नाव घेतलं तशी तिने सूप खाली ठेवलं. नाकबूल केलं नाही. म्हणाली, दादांना पहिल्याच सरावात कळलं होतं की माझं ते कोपराचं कुलूप कुणाला सुटत नाही. पण कुलूप लावायला समोरची जवळ यायला हवी. कॉर्नरला धोका दिसला तर चढाईवाली तिकडे फिरकत नाही, उजवीकडून बोनस घेऊन निघून जाते. म्हणून दादांनी मला त्याच जागी ठेवलं, जिथे साखळी तुटायला आलेली दिसेल. बाही चिमटीत धरायची ही रीमाची स्वतःची कल्पना.

"मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं आसतं तर तू नाटक केलं आसतंस, आन तुला नाटक येत न्हाय. तुजं तोंड बघूनच त्या फसत व्हत्या. रागावलेली, घाबरलेली दिसतेस."

म्हणजे मला गळाला लावलं होतं. मी उभीच होते. राग तर आलाच होता, पण त्याच्या खालून काहीतरी वेगळं वर येत होतं, आणि मला ते मान्य करावं लागलं की तो आनंद होता. दयेपोटी कुणी कुणाला गळाला लावत नाही. दादांना मॅच जिंकायची होती आणि त्यासाठी त्यांनी माझा हात वापरला, जसा ते कुणाचा वेग वापरतात, कुणाची उंची वापरतात. दोन वर्षांत माझ्या त्या हाताचा कुणी काही उपयोग केला नव्हता.

तरी एक गोष्ट राहिली होती आणि ती विचारल्याशिवाय मी जाणार नव्हते. "तुला किळस येते का माझ्या हाताची?"

रीमाने लगेच उत्तर दिलं नाही. लगेच नाही म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला नसता, हे तिला माहीत असावं.

"पयले आठ दिवस आली," ती म्हणाली. "मंग सवय झाली. आता कधी येत न्हाय. बस, सुकट निवडायला लाग."

मी बसले. एका हाताने सुकट निवडायला वेळ लागतो. तिने माझ्या वाट्याचा ढीग कमी केला नाही.

फायनल टेमघरच्याच टीमशी होती. मुलींची मॅच उन्हातच, दुपारी चारला, कारण संध्याकाळची वेळ पुरुषांसाठी राखलेली. मंडप अर्धा रिकामा, लाउडस्पीकरवाला अजून वायरी जोडत होता. टेमघरची रूपा म्हणजे या भागातली सर्वांत तेज चढाईवाली. आमची कच्ची बाजू हा सापळा आहे, ही बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. पूर्ण पहिला हाफ ती माझ्याकडे वळलीच नाही. रीमाने बाही चिमटीत धरली, सोडली, मुद्दाम अडखळली. काही उपयोग झाला नाही. रूपा उजवीकडे जाऊन एकेकीला बाद करत होती.

मध्यंतराच्या थोडं आधी आमच्याच दोघींच्या धडकेत माझा हात जमिनीवर आपटला. तुटलेल्या जागी मार बसला की कळ थेट दातांत जाते. मी वाकून बसले. पंच येण्याच्या आधी रूपा आली, खाली बसली आणि हळूच विचारलं, लागलं का? मी तिच्याकडे संशयाने पाहिलं. पण तिच्या चेहऱ्यावर फक्त काळजी होती, त्यात दुसरं काही शोधूनही सापडलं नाही. मी म्हटलं, काही नाही. आणि दोन मिनिटांत ते खरंच काही उरलं नाही.

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे होतो. मैदानात आमच्या तीनच जणी उरल्या होत्या, मी, रीमा आणि पलीकडे राइट कॉर्नर. चढाई रूपाची. त्यांच्या आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या, म्हणजे आता तिला कुणाला तरी शिवून परतणं भागच होतं, नाहीतर ती बाद आणि गुण बरोबरीत. आणि तिघी असताना आम्ही पकड केली तर आम्हाला दोन गुण, म्हणजे कप आमचा.

ती उजवीकडे सरकली. तिकडे आमची राइट कॉर्नर एकटी होती आणि दमलेली होती. रूपा तिला सहज शिवणार होती.

मग मी ते केलं. मी उजवा हात डाव्या हाताने पोटाशी धरला आणि तोंड वाकडं केलं, जसं मध्यंतराआधी झालं होतं तसंच. रीमा म्हणते मला नाटक येत नाही. त्या दिवशी आलं. साखळी सुटली, मी एक पाऊल मागे राहिले, आणि तो आखूड हात पुढे लोंबू दिला, कुणीही टिचकी मारून जावं इतका पुढे.

रूपा वळली. ती माझ्यासमोर आली तेव्हा तिच्या बोटांपासून माझा हात वीतभर लांब होता. नुसता स्पर्श करून मागे उडी मारली असती तर मॅच तिची होती. तिची बोटं निघाली, आणि थांबली. मी पाहिलं. ती माझ्या बाहीकडे बघत होती. तिने हात मागे घेतला आणि त्याऐवजी माझ्या पायाला शिवायला पाय पुढे टाकला.

पाय लांब असतो आणि परत न्यायला वेळ लागतो. माझं कोपर तिच्या गुडघ्यामागे गेलं, कुलूप बसलं, मी अंग मागे टाकलं. रीमा तिच्या कमरेवर पडली. शिट्टी वाजली तेव्हा मध्यरेषा हातभर पलीकडे होती.

सगळ्यांनी मला उचललं. दादांची शिट्टी तोंडातून पडली. आईला आयुष्यात पहिल्यांदा मी मंडपात शिट्टी मारताना पाहिलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, पोटभर आनंद झाला. पण दोन आठवडे मी सगळ्या गावात जी दया शोधत फिरले, ती पूर्ण स्पर्धेत एकाच मुलीजवळ निघाली, आणि मी तिला तिच्याच दयेत पकडलं होतं. ते काही केल्या घशाखाली जात नव्हतं.

रूपा बाउंड्रीच्या दोरीपाशी बसून पायाची पट्टी सोडत होती. मी गेले. तिने वर न बघताच सांगितलं, की माझ्या दुखऱ्या हातावर मारायला मन झालं नाही.

मी गप्प राहू शकले असते. "दुखत नव्हता," मी म्हटलं. "मी सोंग केलं."

तिने वर पाहिलं. माझ्या तोंडाकडे, मग बाहीकडे, मग पुन्हा तोंडाकडे. त्या नजरेत आता काळजी राहिली नव्हती. ती सावकाश उठली, पट्टी खिशात कोंबली.

"पुढच्या स्पर्धेला," ती म्हणाली, "पयला फटका त्याच हातावर मारनार. ध्यानात ठेव."

दोन वर्षांत मला इतकं बरं वाटेल असं कुणी बोललं नव्हतं. मी म्हटलं, "मार."