मनगट जरासं कललं

लताने पुरणाचा मांडा उजव्या हातावरून डाव्या हातावर झेलला, तसा तो आणखी वीतभर पसरला. चुलीवर पालथं घातलेलं खापर चांगलंच तापलं होतं. समोर पाटावर धुरपदाबाई बसल्या होत्या. चोपड्याहून धुळ्याला त्या मुलगी बघायला आल्या होत्या, आणि मुलीच्या हातचे मांडे बघितल्याशिवाय उठणार नव्हत्या. त्यांचा मुलगा रतिलाल दाराबाहेरच ओसरीवर लताच्या वडिलांशी बोलत होता. मघाशी त्याने कपबशी घेतली, तेव्हा त्याच्या मनगटाजवळ भाजल्याचे दोन जुने डाग लताला दिसले होते.

"अहमदाबादचं नाव काढू नको," असं आईने, कुंदाबाईंनी, सकाळपासून बजावलं होतं. तिथे संशोधनासाठी लताला तीन वर्षांची जागा मिळाली होती. ती तिला सोडायची नव्हती. पंचाईत अशी, की रतिलालही पाहताक्षणी आवडला होता.

"तू कसाना अभ्यास करस वं?" धुरपदाबाईंनी विचारलं.

झालं! लताची कळी खुलली.

"अक्का, आपल्या डोक्यावर, हवेच्याही खूप वर, इलेक्ट्रॉन नावाचे बारीक कण अडकलेले असतात. पृथ्वीच्या चुंबकाने धरलेले. उत्तरेकडून दक्षिणेकडे, पुन्हा उत्तरेकडे. असे." मांडा या हातावरून त्या हातावर गेला. "दोन्ही टोकांना वरच्यावर मागे वळतात. खाली येत नाहीत."

"थकतस नही का त्या?"

"नाही ना! पण इथे वीज कडाडली, की तिची एखादी लहर तिथवर पोचते. कणांना धक्का लागतो, वाट जराशी कलते. मग नेहमीच्या जागी न वळता ते थेट खाली हवेत घुसतात..."

सांगण्याच्या भरात तिने मनगट कलतं केलं. मांडा सटकला, खापराच्या कडेवर आपटला आणि अर्धा चुलीत गेला.

कुंदाबाईंनी कपाळावर हात मारला. आता लपवण्यात काय अर्थ, असं वाटून लता एका दमात बोलून गेली, "हेच शिकायला मला अहमदाबादला जायचंय. तीन वर्षं."

धुरपदाबाई चुलीतल्या करपत्या पुरणाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि अंग गदगदेपर्यंत हसल्या.

"पडना वं तुना इलेक्ट्रॉन!"

"तिले येतस मांडा, आज जरा..." कुंदाबाई सावरू लागल्या.

"जाऊ द्या तिले, विहीनबाई. मांडा करनारं शे आमना घरमा." त्यांनी ओसरीकडे हाक दिली, "रतिलाल! हात धुईसन ये."

रतिलाल आला तो बाह्या दुमडतच. लाजला, पण पुरण भरलेला गोळा त्याने सराईतपणे उचलला. बघता बघता मांडा त्याच्या हातांवर इकडून तिकडे झुलू लागला. लताला इतका आनंद झाला की हसू आवरेना.

"आता वीज पाडू नका हं," तो खालच्या आवाजात म्हणाला.

लताने चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं आणि त्याच्यासाठी जागा केली.