फॉर्म कोण वाचतं?

शनिवारी संध्याकाळी सात वाजता नेकनूरच्या केशरबाईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. ओसरीत भिंतीला टेकून टीव्ही ठेवलेला, त्याला मोहनरावांचा मोबाइल जोडलेला, आणि समोर सतरंजीवर पन्नास-साठ माणसं. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाला मूल होत नाही, कुणाला झालेलं मूल ऐकत नाही. मग पडद्यावर ब्रदर योएल यायचे. पांढरा कोट, मागे निळा उजेड आणि कोपऱ्यात लाल अक्षरांत 'थेट'. ब्रदर परदेशातून बोलतात, असं मोहनराव सांगायचे. एकदा ब्रदरच्या मागून भंगारवाल्याची आरोळी स्वच्छ मराठीत ऐकू आली होती, पण भंगार काय परदेशातही निघतं, असा खुलासा मोहनरावांनी लगेच केला. ते निवृत्त ग्रामसेवक होते, त्यामुळे कशाचाही खुलासा करायची त्यांना सवय होती.

"माझ्या लेकरांनो," ब्रदर सुरू करायचे, "आशीर्वाद तुमच्या फोनच्या दारात उभा आहे. पण दार कुणी उघडायचं? चॅनल सबस्क्राइब करा. बाजूची घंटा दाबा. ज्यानं घंटा दाबली नाही, त्याची कृपा वाटेत अडकते. तिथं मी काही करू शकत नाही."

अंगणातले सगळे अंगठे घंटेवर पडायचे. काहींनी तर दर शनिवारी दाबून दाबून चालू असलेली घंटा बंद केली होती.

धर्म बदलायचा यात प्रश्नच नव्हता. केशरबाईंच्या देव्हाऱ्यात खंडोबा होता तसाच होता, आणि ब्रदर ओसरीत. देव वाढला म्हणून कुठं बिघडतंय, असा गावाचा साधा हिशोब. शिवाय ब्रदरच्या हातून घडलेला चमत्कार याच अंगणातला होता, तोही खुद्द केशरबाईंचा.

एका शनिवारी ब्रदरनी डोळे मिटले, हात वर केला आणि म्हणाले, "मला एक नाव दाखवलं जातंय. के... केशर... केशरबाई. गाव नेकनूर. तालुका बीड. आजार मधुमेह. बारा वर्षांपासून. आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम. केशरबाई, सुईची गुलामी आज संपली. ती सुई फेकून दे, लेकरा."

बायकांनी पदर तोंडाला लावले. मोहनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. हजार मैलांवरच्या माणसाला नेकनूरच्या बाईचा उजवा अंगठा दिसला होता. केशरबाईंनी त्याच पावली फ्रीजमधली इन्सुलिनची पेनं काढली आणि डबीसकट उकिरड्यावर टाकून आल्या.

केशरबाईंची सून योगिता तेव्हा दारात उभी होती, आणि हे नाव कुठून आलं ते तिला लगेच कळलं. कारण नेकनूरच्या स्टँडजवळ तिचं सेवा केंद्र होतं. पीक विमा, रेशन, उत्पन्नाचा दाखला, ऊसतोड कामगारांचं ओळखपत्र, गावाचे सगळे फॉर्म आठ वर्षं तीच भरत होती. आणि त्या चमत्काराच्या तीन दिवस आधी ब्रदरच्या वेबसाइटवरचा 'प्रार्थना विनंती' नावाचा फॉर्मही तिनेच भरला होता. सासू समोर बसून सांगत गेली, ही टायपत गेली. मधुमेह. बारा वर्षं. उजवा अंगठा. मागं विम्याची रांग लागली होती, म्हणून तिने खटाखट बटणं दाबली आणि विसरून गेली. वेबसाइटनेही सरकारी थाटात उलट कळवलं होतं: आपली विनंती मिळाली, आपला क्रमांक अमुक.

"आत्या," योगिता सासूला आत्या म्हणायची, "आवो, हे समदं मीच लिवून पाठवलतं. तुमच्या म्होरं. तेच त्यानं वाचलं."

केशरबाईंनी तिच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "फारम कुणी वाचतंय व्हय गं?"

"मग काय तर."

"पीक इम्याचा भरला, वाचला कुणी? इहिरीचा भरला, वाचला? माझ्या म्हातारपणीच्या पगारीचा तूच तीनदा भरलास. तिसऱ्या खेपंला मी जित्ती हाय का म्हणून इचारलं त्यांनी. आन् म्हनं फारम वाचला."

नेकनूरच्या माणसाचा देवावर असेल-नसेल, पण फॉर्म कुणी वाचत नाही यावर पक्का विश्वास होता, आणि तो काही आंधळा विश्वास नव्हता, आठ वर्षांच्या अनुभवातून आलेला होता. आपण फॉर्मात काही लिहिलं म्हणजे कुणाला तरी सांगितलं, असं गावात कुणालाच वाटत नसे. त्यामुळे फॉर्मातली गोष्ट जेव्हा आभाळातून परत आली, तेव्हा ती आभाळातलीच वाटली. ब्रदरच्या चमत्काराला निम्मी मदत सरकारी कचेऱ्यांनी केली होती.

दहा दिवस केशरबाई मजेत होत्या. सुई नाही, पथ्य नाही, दोन चमचे साखरेचा चहा. "कसं हलकं हलकं वाटतंय," म्हणायच्या. मग तहान वाढली, रात्रीचं उठणं वाढलं, आणि अंगठ्याचा रंग बदलला. योगिताने उपकेंद्रातल्या नर्स दीपमाला साळवे यांना घरी बोलावलं. त्यांनी बोटाला टोचून मशीन बघितलं आणि मशीन केशरबाईंपुढं धरलं.

"चारशे बारा," दीपमाला म्हणाल्या. "आत्या, मी ख्रिस्ती आहे. तीन पिढ्यांची. रोज सकाळी प्रार्थना करते. माझी आजी दवाखान्यात आया होती, तीही करायची, आणि झाली की उठून पेशंटच्या गोळ्या मोजायची. गोळ्या फेकून द्या, असं तिनं कुणाला सांगितलं नाही."

"मंग ब्रदर तुमच्यातलेच की."

"आमच्या नावानं दुकान मांडलं म्हणून आमच्यातला होतो का? तुमच्यापेक्षा मला जास्त राग येतो त्याचा."

केशरबाईंनी पाय पदराखाली ओढून घेतला. ब्रदरनी आधीच बजावून ठेवलं होतं, संशय घेतला की आजार परत येतो. म्हणजे बरं वाटलं तर ब्रदरमुळे, आणि नाही वाटलं तर तुमच्यामुळे. केशरबाईंना वाटलं, सुनेनं संशय घेतला म्हणून साखर वाढली. त्या दिवशी त्या योगिताशी बोलल्या नाहीत.

जाताना दीपमालाबाई अंगणात थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "अंगठा काळा पडायला लागलाय. या आठवड्यात बीडला भरती नाही झाल्या, तर नुसत्या अंगठ्यावर भागणार नाही. पाय जाईल."

योगिताने नवऱ्याला फोन लावला. बजरंग माजलगावच्या कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवत होता. तो आईला फोनवर ओरडला, मग रडला. केशरबाईंनी दोन्ही ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. उचलून न्यावं, तर बाई उंबरा धरून बसणारी. योगिताला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त स्वतःची चीड येत होती. तो फॉर्म तिच्याच हाताने गेला होता.

दुपारी दुकानात बसून तिने ब्रदरचे जुने व्हिडिओ लावले. पाच-सहा बघितल्यावर तिच्यातली फॉर्म भरणारी बाई जागी झाली. ब्रदर दर वेळी आधी नाव सांगत. मग गाव. मग तालुका. मग आजार. मग किती वर्षांपासून. शेवटी एखादी बारीकसारीक गोष्ट. तालुका कधी गावाच्या आधी आला नाही, वर्षं कधी आजाराच्या आधी आली नाहीत. वेबसाइटच्या फॉर्मातले रकाने याच क्रमाने होते, आणि शेवटचा रकाना होता 'आणखी काही सांगायचे आहे?' ब्रदर डोळे मिटत खरे, पण नाव सांगायच्या आधी ते उघडून डावीकडं खाली बघत. दिव्य दृष्टी टेबलावरच्या कागदापर्यंतच पोहोचत होती.

हे सासूला सांगून उपयोग नव्हता. मोहनरावांकडं त्याचाही खुलासा तयार असता. तिला असं नाव पाहिजे होतं, की ज्याच्यापुढं केशरबाईंचं स्वतःचं डोकं चालेल.

असं नाव एकच होतं. ते सुचलं तेव्हा योगिताला स्वतःचीच लाज वाटली. घरी जाऊन ती ओसरीतल्या फोटोपुढं उभी राहिली आणि मनातल्या मनात माफी मागितली. मग बुधवारी तिने फॉर्म भरला. मोहनराव दर शनिवारी चॅनलवर 'नेकनूरहून साठ भाविक हजर' असं लिहून कळवत, त्यामुळे ब्रदर नेकनूरचं एक तरी नाव घ्यायचेच. त्या आठवड्यात नेकनूरचा दुसरा कुठलाच फॉर्म तिच्या दुकानातून गेला नाही. वेबसाइट चालत नाही, असं तिने चौघाजणांना तोंडावर सांगितलं, आणि त्यांनी लगेच विश्वास ठेवला.

शनिवारी अंगण भरलं. केशरबाई सगळ्यांत पुढं, दुखरा पाय लांब करून बसल्या होत्या. ब्रदर आले, घंटा झाली, गाणं झालं. मग हात वर गेला.

"मला एक नाव दाखवलं जातंय. ज्ञा... ज्ञानो... ज्ञानोबा. गाव नेकनूर. तालुका बीड. आजार दमा. वीस वर्षांपासून."

केशरबाईंचे जोडलेले हात तसेच राहिले.

"ज्ञानोबा, मी तुला बघतोय. तू आत्ता या पडद्यासमोर बसला आहेस. तुझी पत्नी तुझ्या शेजारी आहे. तू पहाटे चारला उठून चहा मागतोस, तुझ्या खोकल्यानं तिची झोप मोडते. ज्ञानोबा, आज तुझा दमा गेला. तो तोंडात मारायचा पंप फेकून दे. आता छातीवर हात ठेव आणि खोकून दाखव. बघ, येतो का खोकला?"

खोकला नव्हता, हे मात्र खरं. केशरबाईंचे यजमान ज्ञानोबा अकरा वर्षांत एकदाही खोकले नव्हते. टीव्हीच्या बरोबर वर, भिंतीवर, प्लास्टिकचा हार घातलेल्या फोटोतून ते अंगणाकडं बघत होते, आणि अंगण त्यांच्याकडं.

पडद्यावर ब्रदर 'धन्यवाद, ज्ञानोबा' म्हणत होते. शेवटी मोहनराव घसा खाकरून म्हणाले, "याचा अर्थ असा की, ब्रदरना वर गेलेली माणसंसुद्धा दिसतात."

"वर गेल्यावर बी दमा ऱ्हातो व्हय, मोहनराव?" केशरबाईंनी विचारलं. "तिथं बी पंप लागतो?"

मोहनरावांच्या आयुष्यात पहिल्यांदाच खुलासा आला नाही.

केशरबाई भिंतीला धरून उठल्या आणि टीव्हीचं बटण बंद केलं. मग सुनेकडं वळल्या. "पहाटच्या च्याचं त्याला कुणी सांगितलं?"

"मी," योगिता म्हणाली. "बुधवारी. फारमात लिवलं." तिने मोबाइल पुढं केला. त्यात भरलेला फॉर्म होता, नाव, गाव, तालुका, आजार, वर्षं, आणि शेवटच्या रकान्यात पहाटेचा चहा. अंगणातल्या लोकांनी तो हातोहात फिरवून वाचला. ब्रदरनी एक शब्द इकडचा तिकडं केला नव्हता.

"त्यांचं नाव कावून घेतलंस गं?" केशरबाईंचा आवाज फुटला. "हयातीत त्या माणसाला एक दिस नीट श्वास मिळाला न्हाई. त्येची थट्टा मांडलीस?"

"थट्टा त्यानं मांडली, आत्या. मी फकस्त नाव दिलं." योगिताला रडू आवरेना. "दुसऱ्या कुणाचं नाव दिलं असतं तर तुमी मानलं नसतं. तुमचा पाय जायची येळ आलीय. मला काय करावं कळंना."

केशरबाई ओट्यावर बसल्या. डोळे पुसले. मग मोबाइल मागून घेतला आणि वाचता येत नसूनही त्या पडद्याकडं बघत राहिल्या.

"म्हंजी फारम वाचतेत," त्या सावकाश म्हणाल्या.

"वाचतेत, आत्या. ज्याला गरज हाय त्यो वाचतो."

त्याच रात्री जीप ठरवून केशरबाईंना बीडला नेलं. अंगठा गेला, पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवस गेले असते तर गुडघ्याचं बोलावं लागलं असतं. दीपमालाबाई भेटायला आल्या, तेव्हा केशरबाईंनी त्यांना कॉटवर आपल्याजवळ बसवून घेतलं आणि एक प्रार्थना म्हणायला सांगितली. प्रार्थना होईपर्यंत त्यांनी इन्सुलिनसाठी पोटावरचं लुगडं बाजूला करून ठेवलं होतं.

ब्रदर योएल अजून चालू आहेत. सबस्क्राइब करणारे वाढलेत. ज्ञानोबांच्या बऱ्या झालेल्या दम्याचा व्हिडिओ त्यांनी 'नेकनूरची साक्ष' म्हणून वेबसाइटवर लावलाय आणि तो दोन लाख लोकांनी बघितलाय. दोन लाखांतल्या एकानेही ज्ञानोबांचा पत्ता विचारला नाही. योगिता आणि दीपमालाबाईंनी पोलिसांत तक्रार दिली आहे. ती एका छापील फॉर्मावर लिहून घेतली गेली.

केशरबाई आता काठी टेकत सुनेच्या दुकानात येऊन बसतात. कुणी नवा चमत्कार सांगायला लागला, मग तो ब्रदरचा असो, कुठल्या महाराजाचा असो की बाबाचा, तर त्या शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि एकच विचारतात, "त्याला हे कुणी सांगितलं?" माणूस विचार करतो. बहुतेकदा त्याला आठवतं, की आपणच सांगितलं होतं, फोनवर, चिठ्ठीत, रांगेतल्या शेजाऱ्याला. देव मानायचा की नाही, कुठला मानायचा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तुमचंच दुखणं तुम्हाला परत ऐकवणाऱ्याच्या शब्दावर औषध बंद करू नका, आणि केशरबाईंचा तो एक प्रश्न विचारायला लाजू नका. त्यांना तो अंगठा देऊन शिकावा लागला. तुम्हाला फुकट मिळतोय.