सहाचा उतार

दुकानातल्या मुलीने काचेवर तीन घड्याळं मांडली, तेव्हा पोंनी तिला विचारलं, "यात माझी किती उरलीय ते दाखवतं का?"

"बॅटरी ना, काका? दाखवतं की. कोपऱ्यात हिरवी रेघ येते."

"घड्याळाची नव्हे गं पोरी. माझी."

मुलगी खळखळून हसली. मला हसू आलं नाही. असले विनोद पो, म्हणजे माझे वडील, हल्ली फार करायला लागले होते आणि प्रत्येक वेळी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आमच्या खोन केन गावात माझ्याखेरीज सगळे त्यांना क्रू प्रयून म्हणतात. क्रू म्हणजे मास्तर. कवायतीचे मास्तर. अर्ध्या गावाने त्यांच्या शिट्टीवर उठाबशा काढल्या आहेत. त्याच माणसाचं हृदय यंदा पावसाळ्याच्या तोंडाला सुजलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, रोज तळ्याकाठी चाला, पण ठोके एकशे दहाच्या वर जाऊ देऊ नका. पाऊस संपला की पुन्हा तपासू. हृदयाने उभारी धरली तर उत्तमच. नाही धरली तर... डॉक्टर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "या वयात पुढे करण्यासारखं फारसं काही नसतं." मास्तरांचे कान तिखट. त्यांनी ते ऐकलं.

म्हणून हे घड्याळ.

पहिलं स्वस्त आणि नाजूक होतं, त्यातले आकडे मुंगीएवढे. दुसरा छातीला बांधायचा पट्टा. मुलगी म्हणाली, याच्याइतका बिनचूक दुसरा नाही. पोंनी तो सदऱ्यावरूनच लावून पाहिला आणि म्हणाले, "आता नांगर तेवढा आणा." तिसऱ्यात सिम होतं. कुठेही असा, ठोके घरच्यांच्या फोनवर जातात. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी तिसरं उचललं.

"मला पहिलं हवं," पो म्हणाले. "आकडा मला दिसला म्हणजे झालं. तुला कशाला?"

"कारण तुम्ही गोळी घेतली म्हणता आणि कुंडीत टाकता."

"एकदा टाकली होती."

"मोगरा वाळला पो, एकदा टाकून वाळत नाही."

"तिम, मी खोटारडा आहे असं म्हणतेस तू? मी?"

ते खरंच दुखावले. कारणही होतं. फार वर्षांपूर्वी त्यांच्या शाळेतला बुनलू प्रांताच्या शर्यतीत पहिला आला होता. पण तो देवळामागच्या बोळातून आडवाटेने आला, हे पोंनी पाहिलं आणि स्वतः जाऊन पंचांना सांगितलं. शाळेचा चषक गेला. बुनलूची आई मरेपर्यंत आमच्या घराकडे तोंड करून थुंकायची. असा हा माणूस.

तरी घेतलं मी तिसरंच. पट्टा त्यांच्या हडकुळ्या मनगटावर सैल होत होता, म्हणून मी त्यावर पांढरा दोरा गुंडाळला.

तळ्याकाठी संध्याकाळी सहाला खांबांवरच्या भोंग्यांतून राष्ट्रगीत लागतं. धावणारे, नाचून घाम गाळणाऱ्या बायका, सॉसेज भाजणारा, सगळे जिथल्या तिथे उभे राहतात. आपल्याला किती उतार पडतोय, हे बघायची पोंची वेळ तीच. पोरांना ते हेच शिकवायचे: "धावताना ठोका किती चढला ते काय बघता? थांबल्यावर किती उतरतो ते बघा." शिट्टी वाजली की सगळ्यांनी थांबायचं, मानेवर बोटं ठेवायची. मिनिटभरात वीसने उतरला तर पास. बाराही उतरला नाही, तर जाऊन सावलीत बसायचं. त्या दिवशी धावायचं नाही.

राष्ट्रगीतही मिनिटभराचंच. पो पहिल्या सुराला घड्याळ बघायचे आणि शेवटच्या सुराला पुन्हा बघायचे. इकडे टायरच्या दुकानात गल्ल्यामागे उभी राहून मी फोन बघायचे.

पहिल्या दिवशी चौदा उतरला. "गोळ्या नव्या आहेत," रात्री चिकट भाताचा गोळा वळत पो म्हणाले. शेजारच्या पा नोईने भिंतीवरून विचारलं, "तिम, बापाला उतार आहे का गं?"

"पडेल," मी म्हटलं.

मग बारा. मग अकरा. पाऊस उघडत आला तसा नऊ. पो आकडा सांगायचे बंद झाले आणि मी विचारायची बंद झाले. जेवताना आम्ही बांबूच्या कोंबाची भाजी आंबट झाली की नाही यावर तावातावाने भांडायचो. एकच पेपर दोघं तपासत होतो आणि मार्क एकमेकांना सांगत नव्हतो. मी दिवसभर गिऱ्हाइकांवर डाफरायचे. मालक म्हणायचे, "टायर विकायचाय बाई, माणूस नाही फोडायचा."

ज्या दिवशी सहा आला, त्या दिवशी मी दुकानाच्या संडासात जाऊन रडले. नळ सोडून.

डॉक्टरांकडे जायला चारच दिवस उरले होते आणि एकाएकी चोवीस उतरला.

मला वाटलं, फोन बिघडला. दुसऱ्या दिवशी सव्वीस. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की मालक म्हणाले, "लॉटरी लागली काय?" घरी येऊन मी भिंतीवरूनच सांगितलं, "पा नोई, उतार पडला!" तिने ताबडतोब भाजलेला मासा आणून दिला. पोंनी दोन घास खाल्ले. "हं," म्हणाले, "गोळ्या लागू पडल्या म्हणायच्या."

तिसऱ्या दिवशी मी दुकानातून लवकर निघाले. वाटेत भाजलेली कोंबडी घेतली. मला तो उतार माझ्या डोळ्यांनी बघायचा होता.

तळ्याच्या वळणावर एक माणूस समोरून येताना दिसला. चांगला धिप्पाड, पन्नाशीचा. पण पाय घासत, मधेच थांबत, अगदी पोंसारखा चालत होता. जवळ आला तेव्हा मी ओळखलं. बुनलू. रोज पहाटे तळ्याला दोन चकरा पळत मारणारा बुनलू. आणि त्याच्या मनगटावर पांढरा दोरा गुंडाळलेलं काळं घड्याळ.

मला बघून त्याचा चेहरा पडला. "तिम... क्रूंनी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"म्हणाले, एवढं घालून फेरी मार. पळू नकोस, माझ्यासारखा चाल. गाण्याला उभा राहा आणि मग परत दे. मी म्हटलं, क्रू, ही लबाडी झाली. तर म्हणाले, मला शिकवतोस? देवळामागून कोण गेलं होतं?"

मी काही बोलणार तेवढ्यात भोंगे खरखरले आणि राष्ट्रगीत सुरू झालं. बुनलू ताठ झाला. मीही कोंबडीची पिशवी धरून उभी राहिले. सगळं तळं उभं राहिलं.

तेव्हा मला पो दिसले. रस्त्यापलीकडे, चिंचेखाली. हात मांडीला चिकटवून उभं राहा, म्हणून त्यांनी हजार पोरांना छडी दाखवली होती. आता त्यांनी दोन्ही हातांनी बाकाची पाठ घट्ट धरली होती. तोंड उघडं होतं. खांदे वर जात होते, खाली येत होते, पुन्हा वर जात होते. ते आमच्याकडे बघत नव्हते. मान ताठ ठेवायची, एवढंच त्यांचं चाललं होतं.

मी धावले असते तर कुणी काही म्हणालं नसतं. पण माझे पाय त्यांनीच घडवलेले. हलले नाहीत. हातातल्या फोनवर आकडा सुरेख उतरत होता. शंभर. त्र्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. शेजारी बुनलू ताठ उभा होता आणि त्याच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं.

गाणं संपलं. पो बाकावर बसले नाहीत, कोसळले.

बुनलूने घड्याळ काढलं. "तुला देऊ?"

"नको. त्यांना नेऊन दे," मी म्हटलं. "आणि मी तुला भेटलेच नाही."

मी सॉसेजवाल्याच्या गाडीआड थांबले. बुनलूने पोंच्या मनगटावर पट्टा बांधला, दोरा पुन्हा नीट गुंडाळला आणि त्यांना रिक्षेत बसवलं. मग मी लांबच्या रस्त्याने घरी गेले.

जेवायला बसलो. कितीतरी दिवसांनी मी विचारलं, "आज किती, पो?"

ते पानाकडे बघत राहिले. "तुझ्या फोनात येतो ना? तूच सांग."

"सव्वीस."

"म्हणजे पास?"

"पास," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि कोंबडीची तंगडी माझ्या पानात सरकवली. त्यांचा श्वास चार पावलांवरूनही ऐकू आला असता. सोमवारी डॉक्टरांकडे जायचं होतं आणि तिथे घड्याळ कुणी बघणार नव्हतं.

भिंतीपलीकडून पा नोईने हाक मारली, "तिम, उतार आहे ना गं?"

पोंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"आहे, पा नोई," मी पोंना नीट ऐकू जाईल असं ओरडले. "चांगला उतार आहे!"